काटा लाल रेघेच्या आत

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. गुडघ्यांमुळे वाकता येत नसलं तरी मनानं वाकलो आहे, तेवढं गोड मानून घ्या.

परवा फोनवर तुम्ही दोनदा "काय? काय?" म्हणालात आणि तिसऱ्यांदा मी काय सांगत होतो ते मलाच आठवेना. तेव्हा आता लिहूनच कळवतो. तुमचे कान आणि माझी जीभ, दोन्ही पत्रालाच लायक उरलेत.

तुमच्या धाकटीची नवी गोळी सुरू होऊन आज तीन आठवडे झाले. गेल्या वर्षी किडनी काढली तेव्हा सुटलो असं वाटलं होतं, पण पुढे फुप्फुसात ठिपके निघाले, ते तुम्हाला ठाऊक आहेच. ही गोळी कॅन्सरची असली तरी घरीच घ्यायची. सलाईन नाही, दवाखान्यात निजणं नाही. रोज सकाळी सात वाजता, रिकाम्या पोटी, एक. तुमची बहीण म्हणते, "एवढीशी गोळी आणि एवढा आजार, हिला झेपेल का?" मी म्हटलं, तूही एवढीशीच आहेस, तुला मी चाळीस वर्षं झेपलोच की.

डॉक्टरांनी बजावलंय की या गोळीनं रक्तदाब वाढू शकतो, रोज मोजत जा. आता ज्यानं कारखान्यात छत्तीस वर्षं बॉयलरच्या काट्याकडे बघण्याचाच पगार खाल्ला, त्याला हे सांगणं म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवणं. दुकानदार आकडे दाखवणारं यंत्र गळ्यात मारत होता. मी काट्याचं घेतलं. दंडाला पट्टा, हातात फुगा, कानाला नळी. शेजारच्या नर्सबाईंनी दोन दिवसांत शिकवलं. वहीला रकाने आखले: तारीख, वेळ, वरचा, खालचा, सही. दिवसातून तीनदा नोंद. धाकटी म्हणते, "सही कशाला? दुसरं कोण मोजणार आहे इथं?" तिला कोण सांगणार, सहीशिवायची नोंद ही नोंद नसते.

पहिल्या दिवशी वरचा आकडा एकशे बावीस होता. काल एकशे अडतीस. दवाखान्यात रक्त घेणाऱ्या बाई सुई काढता काढता म्हणाल्या, "फार वाढलं तर गोळी थांबवतात हं काका." एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. असो, मी लक्ष ठेवून आहे.

साडूंना नमस्कार सांगा. त्यांचा उजवा हात थोडा तरी हलतो का?

धाकटीचा नवरा


२० जानेवारी

भाऊजी,

आशीर्वाद आणि थोडा राग, दोन्ही एकाच पाकिटातून पाठवते आहे. चाळीस वर्षं झेपलो म्हणता, पण त्यातली पहिली दहा वर्षं ती रुसून माझ्याकडे आली की मी समजावून परत पाठवत होते, म्हणून झेपलात. फुकटचं श्रेय घेऊ नका.

ह्यांचा हात तसाच आहे. मी स्वयंपाकघरात गेले तरी डोळ्यांनी शोधत राहतात. दाराशी भाजी घ्यायला दोन मिनिटं जास्त थांबले तर घशातून आवाज काढतात. म्हणून मला येता येत नाही, हे तुम्हाला कळतं, धाकटीलाही कळतं, मला मात्र अजून कळून घेता येत नाही. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि मी चौदा. तिच्या वेण्या, तिचा गोवर, तिचा पहिला फ्रॉक, सगळं माझ्या हातून झालं. आणि आता तिचं एवढं मोठं दुखणं निघालंय आणि मी इथं बसून टपालवाल्याची वाट बघते.

प्रेशरचं म्हणाल तर मला पंधरा वर्षं आहे, आणि मी काही बॉयलर नाही, तरी चालले आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझी जुनी पांढरी गोळी बदलली. म्हणाले, नाडी फार मंद चालते. चार भरलेली पाकिटं कपाटात तशीच पडली आहेत, फेकून द्यायला जीव होत नाही. चांगल्या गोळ्या हो, मला कधी चक्कर म्हणून आली नाही.

तिचा आकडा वाढला तर डॉक्टरांना लगेच सांगा. तुमच्या वहीत ठेवून उपयोग नाही. आणि ती जुनी पुस्तकं बांधायचं काम अजून करते का? खळ कालवत उकिडवी बसत असेल तर बसू देऊ नका.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. ती पुस्तकं बांधतेच आहे. शाळेच्या ग्रंथालयातून फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा आला की तिचा चेहरा उजळतो, मग मी काय बोलणार? खळ मी कालवून देतो. गुठळ्या राहतात म्हणून बोलणी खातो. उकिडवं बसणं बंद, टेबल घेतलंय.

तिचं ठीक चाललंय. वीस तारखेला तपासणी आहे, तिची जय्यत तयारी सुरू आहे. तुम्हाला कधी सांगितलं नसेल, आमच्या कारखान्यात वर्षातून एकदा निरीक्षक यायचे. काटा लाल रेघेच्या वर दिसला की विचारपूस नाही, ऐकून घेणं नाही. भट्टीतली आग बाहेर ओढा, बॉयलरला सील. पंधरा-पंधरा दिवस सगळा कारखाना थंड पडायचा. म्हणून ते यायच्या आधीचे आठ दिवस आम्ही घरी जात नसू. काय वाटेल ते करू, पण त्या दिवशी काटा रेघेच्या आत. छत्तीस वर्षांत माझ्या पाळीत एकदाही सील लागलं नाही. फुशारकी मारत नाही, झालं तसं सांगतो.

आता जरा माझं. गेले काही दिवस मलाच गरगरतं. सहज स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला तर वरचा एकशे साठ. आता मीही डॉक्टरांच्या दारात जाऊन बसलो तर हिच्याकडे कोण बघणार? आणि हिला कळलं तर ती स्वतःचं सोडून माझ्या मागे लागेल. तुमच्या त्या पांढऱ्या गोळ्या तशाच पडल्या असतील तर पाठवता का? तुम्हाला पंधरा वर्षं मानवल्या त्या मलाही मानवतील. हिला मात्र पत्रात काही लिहू नका.

धाकटीचा नवरा


८ फेब्रुवारी

भाऊजी,

दुसऱ्याची गोळी दुसऱ्यानं खाऊ नये एवढं मलाही कळतं. मी तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं. एकीच्या मापाचं दुसरीला बसत नाही, हे रोज फळ्यावर लिहायचे. तरी पाठवते आहे, कारण तुम्ही पडलात तर तिथं कोण आहे?

चारही पाकिटं रिळांच्या डब्यात घालून पाठवली आहेत. वर रिळं ठेवली आहेत, धाकटीला वाटेल पुस्तकं शिवायला दोरा पाठवला. बघा, तुमच्यासाठी खोटेपणाही करायला लागले.

नीट वाचा. अर्धीच घ्यायची, पोटात काही घालून. रोज नाडी मोजायची. मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघायचं, मिनिटाला पन्नासच्या खाली गेली तर त्याच क्षणी बंद. आणि महिनाभरात डॉक्टरांना दाखवायचं. नाहीतर मी धाकटीला सगळं लिहून कळवेन.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

पास! अव्वल नंबरात पास!

वरचा एकशे सव्वीस, खालचा ऐंशी. डॉक्टरांनी दोनदा मोजलं, मी उघडून दिलेली वहीची शेवटच्या आठवड्याची पानं पाहिली आणि म्हणाले, "काका, अशी वही माझ्याकडे कुणी आणत नाही." गोळी चालू ठेवली, आहे त्याच ताकदीची. बाहेर आल्यावर मी आणि धाकटी बाकावर बसलो. मग ती म्हणाली, "भूक लागलीय." किती महिन्यांनी म्हणाली असेल! आम्ही तिथंच कॅन्टीनमध्ये जाऊन टोस्ट खाल्ले. बेचव होते, पण तिनं दोन खाल्ले.

वहीतला एकेक आकडा खरा आहे हो ताई. मी आयुष्यात खोटी नोंद केली नाही.

माझंही बरं आहे. डबा पोचला. उपकार झाले.

खाली धाकटीला दोन ओळी लिहायच्या आहेत.

धाकटीचा नवरा

ताई गं, दोरा छान आहे, जाड पुस्तकांना अगदी हवा तसा. मी बरी आहे. तळहात आणि तळपाय जरा जळजळतात, दाभण धरलं की टोचतं. डॉक्टर म्हणाले, थोडं होणारच. हे फार काळजी घेतात. आता सकाळी मोठ्या गोळीबरोबर छोटी पांढरीही देतात, ताकदीची म्हणे. तुझ्यासारखेच समोर उभे राहून गिळायला लावतात. भाऊजींना सांभाळ आणि स्वतःलाही.


५ मार्च

भाऊजी,

पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. टोस्टांपाशी आले तेव्हा ह्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मलाही रडू आलं.

धाकटी, तळहातांना ओल्या फडक्याची पट्टी लाव, गरम पाण्यात हात घालू नको. भांडी त्यांना घासू दे. बॉयलरवाल्याला वाफेची काय भीती? ताकदीची गोळी देतात ते बरंच करतात. तू लहानपणापासून खाण्याची चोर. पण तुझं अक्षर का गं असं खाली उतरलंय? ओळ सुरू होते वर आणि संपते तळाशी.

भाऊजी, तुमचं गरगरणं थांबलं हे वाचून जिवात जीव आला. नाडी किती येते ते कळवलं नाहीत.

ताई


२ एप्रिल

भाऊजी,

चार आठवडे झाले, पत्र नाही. काल न राहवून फोन केला. तुमच्या घरी तुमच्या शेजारच्या नर्सबाई होत्या. त्या ओरडून ओरडून सांगत होत्या, मला एवढंच कळलं की "दवाखान्यात" आणि "पडले". कोण पडलं? तुम्ही का? माझ्या गोळीनं तुमची नाडी उतरली का? रात्रीपासून माझ्या डोळ्यांसमोर तेच येतंय. कुणाच्याही हातून एक ओळ लिहून पाठवा. धाकटीला एकटीला कसं झेपत असेल सगळं?

ताई


९ एप्रिल

ताई,

मी पडलो नाही. धाकटी पडली.

हे पत्र वॉर्डाबाहेरच्या बाकावरून लिहितो आहे. ती जागी आहे, ओळखते, बोलते. आधी एवढं वाचून घ्या. मग पुढचं वाचा.

मला कधीच गरगरलं नव्हतं. माझा रक्तदाब माझ्या वयाच्या माणसाला शोभेल असा आहे. मी तुम्हाला खोटं लिहिलं. तुमची गोळी मी तिला दिली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिचा आकडा एकशे अठ्ठावन्नवर गेला. माझ्या डोक्यात त्या रक्तवाल्या बाईंचं एकच वाक्य फिरत होतं, गोळी थांबवतात. गोळी थांबली की ठिपके वाढणार, मला दुसरं काही दिसत नव्हतं. डॉक्टरांना आकडा सांगायचा सोडून मी तो खाली आणायच्या मागे लागलो. निरीक्षक यायच्या आधी आयुष्यभर जे केलं तेच केलं. अर्ध्या गोळीनं काटा उतरला. तपासणी झाली. आठ दिवसांनी तो पुन्हा चढायला लागला, तेव्हा अर्धीची एक केली. मार्च संपत आला तसा एकीनंही भागेना, तेव्हा दोन. आकडे बरोबर येत होते. हाताची सालं निघत होती, तोंडात फोड आले होते, तिला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, आणि मी वहीकडे बघून म्हणत होतो, सगळं ठीक आहे. तुम्ही नाडी मोजायला सांगितली होती. ताई, माझ्या वहीत नाडीचा रकानाच नव्हता.

अठ्ठावीस तारखेला ती मोरीत पडली. इथं आणली तेव्हा नाडी अडतीस होती. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे?" मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तेच विचारलं. त्यांनाही नाही म्हटलं. का म्हटलं ते मला विचारू नका, मला माहीत नाही. तोंडातून "नाही" निघून जायचं आणि ते परत आत घेता यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी इथल्या औषधं सांभाळणाऱ्या फार्मासिस्ट बाई आल्या. माझ्या शेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, "काका, मी रागावणार नाही. घरात आणखी कुणाच्या गोळ्या आहेत का, एवढंच सांगा. मला सापडत नाहीये काय झालंय ते." मी खिशातून रिकामं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. त्या बराच वेळ त्याच्या मागचं बारीक अक्षर वाचत बसल्या.

मग त्यांनी समजावलं. कॅन्सरची गोळी पोटात गेली की यकृत ती हळूहळू जाळून संपवतं, म्हणून रोज नवी द्यायची. ही पांढरी गोळी त्या जाळण्यालाच आवर घालते. म्हणजे मी रोज सातच्या ठोक्याला नवी देत होतो आणि आत कालची, परवाची तशीच पडून होती. औषध साठत गेलं तसा रक्तदाब चढत गेला, तो चढला म्हणून मी पांढरी वाढवली, पांढरी वाढली म्हणून औषध आणखी साठलं. आणि नाडी दोन्हींनी मिळून उतरवली. छत्तीस वर्षं आगीपाशी काढली मी. मला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

याच्याही पुढचं ऐका. मी विचारलं, मी आकडा आधीच दाखवला असता तर? त्या म्हणाल्या, "तर आम्ही या औषधाबरोबर चालणारी प्रेशरची दुसरी गोळी दिली असती. तशा आहेत. बहुतेकांना देतोच." एवढंच होतं. एक चिठ्ठी लिहायची होती त्यांनी. मोठे डॉक्टर तिच्या खाटेपाशी उभे होते, ते म्हणाले की कित्येकांच्या बाबतीत रक्तदाब चढणं ही गोळी लागू पडत असल्याची खूण असते. नियम नाही, पण खूण. तीही ऐकत होती. मी ती खूण रोज पुसत बसलो होतो.

आता कॅन्सरची गोळी बंद आहे. शरीर सावरेपर्यंत देता येणार नाही म्हणतात. जे होऊ नये म्हणून सगळं केलं तेच झालं, आणि मीच केलं.

तुमचा यात काही दोष नाही. तिला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं औषध सोसलं नाही.

धाकटीचा नवरा


१६ एप्रिल

भाऊजी,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. हे चौथं आहे, हे कसंही निघालं तरी टाकणार आहे.

तुम्ही त्या गोळ्या माझ्याकडून घेतल्यात. मला फसवून, माझ्याच हातानं, माझ्याच रिळांच्या डब्यातून. तळहातावरच्या फोडासारखं जपलं असं लोक म्हणतात. मी तिला तसंच जपलं. आता तो शब्द मला उच्चारवत नाही. मला विचारायचं नव्हतं तर नसतं विचारलंत, पण डॉक्टरांना विचारायला कुणी तुमचं तोंड बांधलं होतं? आणि विचारल्यावर दोनदा नाही म्हणालात! एकदा नव्हे, दोनदा! ती तिथं खाटेवर आणि तुम्ही अब्रू राखत होतात? कुणाची अब्रू? बॉयलर कधीच विकला गेला, भाऊजी. निरीक्षक मरून गेले असतील. कुणी येणार नव्हतं तुम्हाला सील लावायला.

दोष नाही म्हणता. माझा दोष कुठे आहे ते तुम्हाला नाही, मला माहीत आहे. तिनं लिहिलं होतं, छोटी पांढरी. मी ते वाचलं. ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. क्षणभर हात थांबला होता माझा. मग मनाशी म्हटलं, असेल ताकदीची. पांढऱ्या गोळ्या काय, सगळ्याच पांढऱ्या असतात. मुलींना म्हणायचे, कापायच्या आधी दोनदा मोजा. स्वतः एकदाही मोजलं नाही.

मला यायचंय. ह्यांना चार दिवस ठेवून घेईल असं कुणी मिळतं का म्हणून सगळीकडे विचारून आले. एका ठिकाणी हो म्हणाले, तर ह्यांनी दोन दिवस तोंड उघडलं नाही, पाण्यालासुद्धा. परत आणलं. आता तुम्हीच सांगा मी काय करू.

तिला सांगा. सगळं सांगा. माझ्या गोळ्या होत्या हेही सांगा. ती काय म्हणेल ते दोघांनी ऐकून घ्यायचं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी लिहीन, आणि माझ्या पत्रातून कळलं तर ते तिला जास्त लागेल.

ताई


१२ मे

भाऊजी,

उत्तर आलं नाही. येऊ नये असंच लिहिलं होतं मी.

लिहिलेलं काही मागे घेत नाही, पण त्यात आणखी भरही घालत नाही. जे व्हायचं ते होऊन गेलं आणि तिच्याजवळ तुम्हीच आहात. तुम्ही मोडून चालणार नाही. जेवता का?

सोबत हातमोज्यांचे तीन जोड आणि पायमोज्यांचे दोन आहेत. माझ्या जुन्या सुती साड्यांचे, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. शिवण बाहेरच्या बाजूनं घातली आहे, म्हणजे आतून कुठे घासणार नाही. दिसायला उलटे घातल्यासारखे दिसतील. हसली तर हसू द्या तिला.

तिच्या हाताचं माप माझ्याकडे जुनं आहे. सैल झाले तर कळवा.

ताई


२ जून

ताई,

नमस्कार. हातमोजे सैल झाले. तरी तिनं माप पाठवू दिलं नाही. म्हणाली, "ताईनं शिवलंय ते बरोबरच असणार, माझेच हात चुकलेत."

तिला सांगितलं. तुमचं एप्रिलचं पत्र आलं त्याच्या पाचव्या दिवशी, घरी आणल्यावर. आधी चार दिवस धीर झाला नाही. ती टेबलापाशी बसली होती, समोर एक फाटकं पुस्तक उघडं होतं, हातांना पट्ट्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तुमच्या गोळ्यांपासून दोन वेळच्या "नाही"पर्यंत. तिनं विचारलं, "ती छोटी पांढरी?" मी हो म्हटलं. मग विचारलं, "ताईला कळलं?" हो म्हटलं. "तिनं जिवाला लावून घेतलं असेल," म्हणाली. नंतर बराच वेळ पुस्तकाच्या पाठीवरून पट्टी बांधलेला हात फिरवत बसली आणि मग म्हणाली की जरा पडते. त्या विषयावर त्या दिवसापासून आजवर ती एक शब्द बोललेली नाही. तुम्ही लिहिलंत ना, ती काय म्हणेल ते ऐकून घ्या म्हणून? मी रोज ऐकायला तयार असतो.

सात आठवडे गोळी बंद होती. मेच्या मध्यावर छातीचे फोटो काढले. ठिपके वाढले आहेत, दोन नवे आहेत. बंद नसती तर वाढलेच नसते असं कुणी म्हणत नाही. तरीही वाढलेच असते असंही कुणी म्हणत नाही. मी विचारलं तर मोठे डॉक्टर म्हणाले, "काका, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं." आता गोळी पुन्हा सुरू केली आहे, अर्ध्या ताकदीची. पूर्ण तिला सोसणार नाही.

वहीत आणखी दोन रकाने आखले आहेत. एक नाडीचा, एक इतर औषधांचा. फार्मासिस्ट बाईंनी वही पाहिली आणि फोन नंबर लिहून दिला. काहीही वाटलं तरी विचारा म्हणाल्या. मी दोनदा विचारलं, एकदा खोकल्याच्या औषधाबद्दल आणि एकदा उगीच.

पण ताई, काटा चढत नाही. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधतो, फुगा दाबतो, हवा सोडतो, नळीतून ऐकतो आणि मनात म्हणत असतो, चढ. एकशे चाळीस हो, एकशे पन्नास हो, मी धावत जाऊन दाखवतो. एकशे सोळा. एकशे अठरा. पुन्हा एकशे सोळा. असे आकडे यावेत म्हणून लोक मीठ सोडतात. डॉक्टर म्हणतात, नियम नाही हो, न चढताही गोळी काम करत असेल. ते चांगले आहेत म्हणून तसं म्हणतात. खाटेपाशी त्या खुणेबद्दल ते जे म्हणाले होते ते धाकटीनंही ऐकलं होतं, त्यामुळे मी कानातली नळी काढली की ती रोज विचारते, "किती?" मी खरं ते सांगतो. "बरं," म्हणते आणि बाही खाली ओढते.

परवा मी पट्टा बांधला तेव्हा ती म्हणाली, "थांबा. आधी आपण भांडू या का? तुमच्याशी भांडले की डोकं कसं तापायचं माझं. बघू काटा हलतो का."

मी म्हटलं, "काढ विषय."

तिनं विचार केला. म्हणाली, "तुम्ही माझी पुस्तकं शिवायची चौकट मला न विचारता त्या छापखान्यावाल्याला देऊन टाकली होतीत."

"चुकलंच माझं."

"असं म्हणू नका, भांडा ना."

मग मी म्हटलं, तू आंघोळ करून आलीस की मोरीचा दिवा तसाच ठेवतेस, चाळीस वर्षं मी बंद करतोय. ती म्हणाली, हो, ठेवते. मग आम्हाला दोघांनाही हसू आलं. हसून झाल्यावर आणखी एकदोन विषय काढून पाहिले. माझं घोरणं. माझी आई तिला काय बोलली होती ते. एकही पेटेना. मी मुद्दाम आवाज चढवून पाहिला तर शेजारच्या नर्सबाई दारातून डोकावून गेल्या.

ताई, भांडायला एक विषय आमच्या घरात आहे. दोघांच्याही उरलेल्या जन्माला पुरून उरेल एवढा. बोलता बोलता ती त्याच्या अगदी जवळ दोनदा येऊन थांबली, मला दिसलं ते. मी पट्ट्याचं टोक हातात धरून बसलो होतो. आता काढेल, आता काढेल, आणि काढला तर बरं होईल, निदान काटा तरी हलेल, असं वाटत होतं.

तिनं काढला नाही. माझ्याकडे बघितलं, दंड पुढे केला आणि म्हणाली, "मोजा."

एकशे चौदा.

धाकटीचा नवरा